वाक्याच्या शेवटापर्यंत दम पुरला पाहिजे

प्रश्न : मॅडम, मी औसा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत व्यवस्थापक आहे. वय 29. हिशेब, खरेदी, सभासदांचे फोन, सगळं नीट जमतं. पण चार माणसांसमोर उभं राहून बोलायचं म्हटलं की दोन वाक्यांत दम जातो. शेवटचे शब्द तोंडातल्या तोंडात राहतात. मागच्या वर्षी वार्षिक सभेत अहवाल वाचत होते, तर मागून कुणीतरी ओरडलं, “बाई, काईच ऐकू येईना मागं!” मग मी ओरडूनच बोलले आणि संध्याकाळी घसा बसला, तो आठवडाभर. आता सप्टेंबरमध्ये पुन्हा सभा आहे. हॉल तोच, पत्र्याचा. त्याआधी लातूरला बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर सादरीकरण आहे. भाऊ म्हणतो कपालभाती कर, आई ज्येष्ठमध हातात देते. मोबाइलवरचे व्हिडिओ सांगतात, बोलण्याआधी खोल श्वास घ्या. तो घेतला की छाती गच्च होते आणि आवाज आणखीच चिरका येतो. एक जुने सभासद काका म्हणाले, “बाईमाणसाचा आवाज बारीकच असतो, अहवाल दुसऱ्या कुणाला वाचू द्या.” खरंच काही करता येईल का?

उत्तर : ताई, काकांचं आधी निकालात काढू. अहवाल तुम्हीच वाचा. वर्षभर वजनकाट्यापाशी उभं राहून ज्या बाईनं हिशेब ठेवला, तिनंच तो सभासदांना सांगायचा असतो.

आवाज बारीक असणं आणि आवाज कमजोर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा थरथरतात, बाईचे दोनशेच्या आसपास. तंतू आखूड आणि पातळ, म्हणून पट्टी वरची. पण आवाज लांबवर पोचतो की नाही, हे पट्टीवर ठरत नाही. ते ठरतं तंतूंखालून येणारी हवा किती एकसारखी आहे आणि घसा, तोंड, जबडा किती मोकळे आहेत यावर. तेव्हा काकांना बरं वाटावं म्हणून आवाज मुद्दाम जाड करून बोलू नका. तसं केलं की घसा दुपटीनं थकतो आणि ऐकणाऱ्यालाही ते उसनं वाटतं.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य : शेवटचे शब्द तोंडातल्या तोंडात राहतात. मराठीत हे फार महागात पडतं, कारण आपलं क्रियापद वाक्याच्या टोकाला असतं आणि नकार त्याच्याही पुढे. ‘यंदा बियाणं उधारीवर मिळणार नाही’ हे वाक्य म्हणून बघा. दम ‘मिळणार’पाशी संपला तर मागच्या रांगेतला माणूस उलटाच अर्थ घेऊन घरी जाईल आणि जूनमध्ये तुमच्या दारात भांडायला येईल. ‘पेरणीची घाई करू नका’ यातलं ‘नका’ गेलं की सल्ल्याचा अर्थच फिरला. त्यामुळे आवाज मोठा कसा करायचा हा प्रश्न तुम्ही आत्ता बाजूला ठेवा. शेवटच्या शब्दाला पहिल्या शब्दाइतकी हवा कशी उरेल, एवढंच बघू. ते साधलं की ‘ऐकू येईना’ म्हणणारी निम्मी माणसं आपोआप गप्प होतात.

खोल श्वासानं तुमची छाती गच्च का होते, हे समजून घ्या, कारण यातच सगळी मेख आहे. गप्प बसलेला माणूस मिनिटाला बारा ते अठरा श्वास घेतो आणि एका श्वासात जेमतेम अर्धा लिटर हवा आत-बाहेर करतो. घेणं आणि सोडणं यांत फार फरक नसतो. सोडायला थोडा जास्त वेळ लागतो, इतकंच. बोलताना हे गणित पार बदलतं. श्वास चटकन घेतला जातो आणि नंतरचा जवळजवळ सगळा वेळ हवा हळूहळू बाहेर जात असते, तिच्यावरच शब्द उमटतात. म्हणजे बोलणं हा श्वास सोडण्याचा धंदा आहे. घेण्याचा भाग किरकोळ.

फुफ्फुसं लवचिक असतात. ती गच्च भरली की आपोआप आकसायला बघतात आणि हवा जोरानं बाहेर ढकलतात. त्या लोंढ्याला आवर घालायला घसा आवळला जातो. तुम्हाला जो चिरका आवाज ऐकू येतो, तो या आवळलेल्या घशाचा. त्यात घाबरलेला माणूस आधीचा श्वास पूर्ण सोडतच नाही, त्याच्यावरच नवा भरतो. खांदे कानाकडे जातात, मानेच्या शिरा दिसायला लागतात आणि पहिल्या वाक्यातच निम्मी हवा उडून जाते. पाटानं मोकळं सोडलेलं पाणी सरीच्या तोंडालाच मुरतं आणि शेवटची झाडं कोरडी राहतात. तेच पाणी ठिबकनं दिलं तर टोकाच्या झाडापर्यंत पुरतं. तुमच्याकडे हवा कमी नाही, ताई. ती ठिबकनं सोडायला शिकायचं आहे.

म्हणून पहिली दुरुस्ती : बोलण्याआधी श्वास घ्यायचा नाही, सोडायचा. तोंडानं हळूच ‘हू’ करून साठलेली हवा जाऊ द्या. मग क्षणभर काहीच करू नका. पुढचा श्वास शरीर स्वतःच घेतं, नाकातून, खालपर्यंत आणि लागेल तेवढाच. त्या श्वासावर पहिलं वाक्य सुरू करा. हे घरी दहा वेळा करून बघितलंत की गच्च छातीतला आणि या श्वासातला फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

‘पोटातून बोला’ असं नाटकवाले, गाणारे, शिबिरातले वक्ते सगळेच सांगतात. हवा पोटात कधीच जात नाही. फुफ्फुसांच्या खाली स्नायूंचा एक पडदा असतो, त्याला श्वासपटल म्हणतात. श्वास घेताना तो खाली उतरतो, पोटातले अवयव पुढे सरकतात, म्हणून पोट बाहेर येतं आणि खालच्या बरगड्या दोन्ही बाजूंना रुंदावतात. बोलताना श्वासपटल सैल पडत वर जातं, आणि हवा किती वेगानं सोडायची ते बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू सांभाळतात. ‘पोटातून बोला’चा अर्थ एवढाच : हवेवरचा ताबा खाली, बरगड्यांपाशी ठेवा; गळ्याला त्या कामाला लावू नका.

हा ताबा कसा वाटतो, ते उताणं झोपल्यावर सगळ्यात लवकर समजतं. चटईवर पडा, गुडघे दुमडून तळपाय जमिनीला टेकवा, बेंबीवर एखादी पातळ वही ठेवा. श्वासाबरोबर वही वर येते, सोडताना खाली जाते. छातीचा वरचा भाग जवळजवळ स्थिर राहतो. काही ढकलायचं नाही, फुगवायचं नाही. चार-पाच मिनिटं नुसतं बघत राहा. मग बसून, मग उभं राहून तेच, दोन्ही हात कमरेच्या वर खालच्या बरगड्यांवर ठेवून. बोटं बाजूला सरकताना कळली पाहिजेत. उभं राहिल्यावर हे हरवतं, सगळ्यांचंच हरवतं. पुन्हा आडवं होऊन सुरुवात करा.

त्यानंतरचा व्यायाम माझ्या मते सगळ्यांत कामाचा आहे आणि त्याला काहीही लागत नाही. दात जवळ आणून ‘स्स्स्स’ असा बारीक आवाज काढत हवा सोडायची. मोबाइलवर सेकंद बघा, पण आकड्याच्या मागे लागू नका. आवाज पहिल्या सेकंदाला जितका, तितकाच शेवटच्या सेकंदाला हवा. थरथरला किंवा मध्येच फसकन मोठा झाला, तर तिथे थांबायचं. सुरुवातीला दहा-बारा सेकंद सरळ गेले तरी पुष्कळ. रोज सकाळ-संध्याकाळ पाच-सहा वेळा केलंत की दोन-तीन आठवड्यांत वीसच्या जवळ जाल. शेवटचा थेंब पिळून काढायचा नाही. तिथे गळा आवळला जातो आणि नेमकी तीच सवय आपल्याला मोडायची आहे.

‘स्स्स’ जमला की त्यातच घशातला आवाज मिसळा. दातांत गुणगुण होईल, ‘झ्झ्झ’ असं. इथे एक तपासणीही होते. निरोगी घशात हे दोन्ही साधारण सारखाच वेळ चालतात. पुन्हा पुन्हा करूनही ‘स’ वीस सेकंद आणि ‘झ’ दहा-बाराच, असं येत असेल, तर स्वरतंतू नीट जुळत नसण्याची शक्यता असते. अशा वेळी व्यायाम थांबवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.

शहाळ्याबरोबर मिळते ती स्ट्रॉ जपून ठेवा. अर्धा पेला पाणी घ्या, स्ट्रॉ दोन बोटं आत बुडवा आणि तिच्यातून ‘ऊऽऽ’ म्हणत हवा सोडा. गाल सैल. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. ते खळखळून आले की हवा जास्त जाते आहे, थांबत थांबत आले की कमी. आवाज खालून वर, वरून खाली सावकाश फिरवा. पाण्याचा थोडासा दाब उलटा घशाकडे येतो आणि स्वरतंतू एकमेकांवर न आपटता हलकेच मिळतात. अमेरिकेतले आवाजाचे शास्त्रज्ञ इंगो टिट्झे यांनी स्ट्रॉचा हा उपाय जगभर पोचवला, आज आवाजाचे उपचार करणारे तो सर्रास सांगतात. दोन-तीन मिनिटं पुरतात. सभेच्या दिवशी निघण्याआधी हा एक जरी केलात तरी पहिलं वाक्य मोकळं येईल. हाताशी स्ट्रॉ नसेल तर लहान बाळाशी खेळताना ओठ फुरफुरवतो ते, किंवा ओठ मिटून ‘म्म्म’. भ्रामरी तुम्हाला येत असेल तर तीही याच कामाची.

भावाला सांगा, कपालभाती सकाळी घरी खुशाल करू. बोलायला उभं राहण्याआधी नको. जोरजोरात किंवा लागोपाठ खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. आधीच धडधडणाऱ्या माणसाला हे झालं की तो आणखी घाबरतो. खुर्चीवर बसून तुमची पाळी यायची वाट बघत असताना चार सेकंदांत श्वास घ्या आणि सहा सेकंदांत सोडा, सगळं नाकानं, बाजूच्यालाही कळणार नाही असं. मिनिटाला सहा श्वास होतात. सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके सावकाश होतात. रोखून धरायचं मात्र नाही. दोन-तीन मिनिटं हे केलंत तर हातातला कागद थरथरायचा बराच थांबेल.

एवढं करूनही वाक्यच दमापेक्षा लांब असेल, तर श्वास बिचारा काय करणार? कंपनीचे अहवाल कसे लिहिले जातात, ते तुम्हाला माहीत आहे. समजा, असं एक वाक्य आहे : ‘गेल्या हंगामात हमीभाव खरेदीसाठी बारा टक्के ओलाव्याची अट असल्यामुळे आपल्या ज्या सभासदांचा सोयाबीनचा माल केंद्रावरून परत आला त्यांच्यासाठी यंदा कंपनीमार्फत वाळवणीची व चाळणीची सुविधा उपलब्ध करून देण्याचे संचालक मंडळाने ठरविले आहे.’ हे छापायला ठीक आहे. मोठ्यानं म्हणून बघा, ‘चाळणी’पाशी डोळे पांढरे होतील. सभेत ते असं बोला : “गेल्या हंगामात आपल्यातल्या काही जणांचं सोयाबीन केंद्रावरून परत आलं. कारण ओलावा बारा टक्क्यांच्या वर होता. यंदा तसं होऊ द्यायचं नाही. वाळवणी आणि चाळणी कंपनी करून देणार आहे.” चार वाक्यं, चार श्वास, आणि प्रत्येक वाक्याच्या टोकाला कामाचा शब्द ठणठणीत. अहवालाच्या तुमच्या प्रतीवर पेन्सिलीनं जिथे श्वास घ्यायचा तिथे उभी रेघ मारा. सभेत ती रेघ आली की थांबायचंच, दम असो वा नसो. दम संपल्यावर श्वास घेणारा धापा टाकतो. तो संपायच्या आधीच घेतला, तर थांबलेलं कुणाला कळतही नाही.

थांबायची तुम्हाला लाज वाटत असणार. बहुतेकांना वाटते, गप्प राहिलं तर लोक म्हणतील विसरली. त्यासाठी एक करा. आता श्रावण-भाद्रपदात गावोगावी सप्ताह बसतील. नामदेवांच्या नरसीपासून नाथांच्या पैठणापर्यंत कीर्तनाला आपल्याकडे तोटा नाही. एखाद्या संध्याकाळी मंडपात जा आणि कथेकडे थोडं दुर्लक्ष करून बुवांच्या नुसत्या श्वासाकडे बघा. दोन तास उभ्यानं बोलतात, गातात. निरूपण टोकाला आलं की ते अभंगाचा चरण टाकतात आणि टाळकरी तो उचलतात. पखवाज चढतो, सगळा मंडप म्हणायला लागतो. तेवढ्यात बुवा उपरणं सारखं करतात, घाम पुसतात आणि खांदे खाली सोडून आरामात दोन-तीन श्वास घेतात. ऐकणाऱ्याला वाटतं रंग चढला. चढतोच, पण वक्त्याचा दमही तिथेच भरून निघतो. दोन तास पुरण्याचं एक मोठं कारण त्या टाळकऱ्यांत आहे.

तुमच्यामागे टाळकरी नाहीत, तर ते तयार करावे लागतील. पडद्यावरचं चित्र बदलताना बोलू नका. बदलू द्या, लोकांना बघू द्या, तेवढ्यात श्वास घ्या. सभासदांना खरोखरचं काही विचारा : “उगवणक्षमता तपासायला शंभर दाणे गोणपाटात कुणीकुणी ठेवले होते? हात वर करा.” हात वर होईपर्यंत, आजूबाजूला कुजबुज होईपर्यंत तुम्हाला हवा तेवढा वेळ मिळतो. एखादा आकडा एखाद्या संचालकाला वाचायला सांगा. मोठा आकडा सांगितल्यावर तर थांबायलाच हवं, माणसं मनात हिशेब करत असतात.

आता त्या पत्र्याच्या हॉलबद्दल. आर्थिक वर्ष मार्चला संपलं की सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यावी लागते. म्हणून या सभा नेमक्या पावसात येतात. पत्र्यावर सर आली, वर पंखे घरघरतायत, मागे पोरं खेळतायत. अशा गलक्यात माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 मध्ये हे लिहून ठेवलं आणि त्यांच्याच नावानं ते आजही ओळखलं जातं. मागच्या वर्षी तुमचा घसा बसला तो यातच. ‘ऐकू येईना’ म्हटल्यावर तुम्ही पट्टी चढवली, आणि चढलेली पट्टी धरायला घसा आवळला. गलक्याशी घशानं झुंजायचं नाही. तुमच्या डोक्यावरचे दोन पंखे बंद करायला सांगा. जोराची सर आली तर सरळ थांबा. पावसासाठी थांबलेल्या माणसाला मराठवाड्यात कुणीही नावं ठेवणार नाही. आणि माइक घ्या. माइक घेणं म्हणजे आवाज नसल्याची कबुली आहे, असं काही जणांना वाटतं. शंभर माणसांच्या हॉलमध्ये बिनमाइकचं बोलायचा हट्ट मला पटत नाही, त्यात ऐकणाऱ्याचेही हाल होतात. माइक तोंडापासून चार बोटांवर, जरासा हनुवटीच्या बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ला फटाके वाजणार नाहीत. लाऊडस्पीकरवाल्याला सांगून स्पीकर तुमच्या पुढे ठेवून घ्या; मागे असले की शिट्टी वाजते. हे सगळं सभेआधी अर्धा तास जाऊन बघा. उद्घाटनाचा नारळ फुटल्यावर कुणी ऐकत नाही.

एक गोष्ट बायकांना कुणी सांगत नाही म्हणून सांगते. सभेला तुम्ही साडी नेसाल. परकराची नाडी आपण घट्ट बांधतो, कंबरेवर वळ उठेपर्यंत, कारण निऱ्या सुटायची भीती. ती नाडी नेमकी जिथे पोट पुढे यायला हवं तिथेच आवळलेली असते. मग श्वास वर छातीत घ्यावा लागतो आणि केलेला सगळा सराव फुकट जातो. नाडी बोटभर खाली आणि दोन बोटं आत जातील इतकी सैल बांधा, निऱ्यांना पिन लावा. शक्य असेल तर रुंद पट्ट्याचा परकर वापरा. आणि त्याच साडीत, त्याच चपलांत घरी एकदा अख्खा अहवाल बोलून बघा.

उभं राहताना दोन्ही पायांवर सारखं वजन, गुडघे ताठ न करता. मान कागदात खुपसून वाचलं तर घसा मुडपतो. कागद छातीच्या उंचीवर धरा. पडद्याकडे वळून बोलू नका, भिंत सभासद नाही.

आईच्या ज्येष्ठमधाला माझी हरकत नाही. तोंडात लाळ सुटते, घशाला बरं वाटतं. पण खाल्लेलं-प्यालेलं काहीही स्वरतंतूंवरून जात नाही. ते अन्ननलिकेनं जातं, तंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. त्यामुळे ज्येष्ठमधानं आवाज तयार होत नाही. रक्तदाब असेल तर तो रोज भरपूर खाऊही नये. पाण्याचंही तसंच, बोलता बोलता घेतलेला घोट तोंड ओलं करतो, तंतूंना ओलावा मिळतो तो दिवसभर प्यायलेल्या पाण्यातून. सकाळपासून थोडं थोडं पीत राहा. सभेआधी पोटभर जेवू नका. भरल्या पोटावर श्वासपटल खाली उतरत नाही. घसा सारखा खाकरू नका, त्यानं तंतू एकमेकांवर आपटतात; त्याऐवजी आवंढा गिळा. आणि घसा बसलाच तर कुजबुजत बोलण्यापेक्षा गप्प बसणं चांगलं.

दोन गोष्टी मात्र व्यायामावर सोडू नका. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचंच. लातूर, अंबाजोगाई, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत हा विभाग आहे. दुसरं, तुमचा दम फक्त बोलतानाच जातो की जिना चढतानाही? चढतानाही जात असेल, थकवा वाटत असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्याकडे बायका रक्त कमी असताना वर्षानुवर्षं कामं ओढतात आणि दम लागतो म्हणून स्वतःलाच दोष देतात. दमा असेल, तर तेही डॉक्टरांना सांगून मगच सराव वाढवा.

सराव कसा करायचा ते तुम्ही तुमच्या वेळेनुसार ठरवा. रोजची पंधरा मिनिटं निघाली तरी चालेल, पण खाडे नकोत. पहिला आठवडा नुसती चटई आणि ‘स्स्स’. दुसऱ्यात स्ट्रॉ आणि पेन्सिलीच्या रेघांसह अहवाल. तिसऱ्या आठवड्यात भावाला कामाला लावा. रिकाम्या हॉलमध्ये किंवा गोदामात त्याला सगळ्यात मागे बसवा, तुम्ही माइकशिवाय नेहमीच्या आवाजात बोला. वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू आला नाही की त्यानं हात वर करायचा, बाकी काहीही बोलायचं नाही. ‘छान झालं’ किंवा ‘घाबरू नको’ हेसुद्धा नाही. हात वर झाला की ते वाक्य दोन तुकड्यांत तोडा आणि पुन्हा म्हणा. तुमची वाक्यं कुठे मोडतात, ते या एका सरावातून जितकं कळेल तितकं आरशासमोर उभं राहून कळणार नाही.

बँकेचं सादरीकरण आधी आहे, आणि तिथे हे सगळं थोडं उलटं लागतं. खोली लहान, दार बंद, एसी चालू, माणसं चार-पाच आणि तुम्ही बहुधा बसून बोलाल. तिथे आवाज पोचवायचा नाही, टिकवायचा आहे. खुर्चीत मागे रेलू नका, टेबलावर वाकू नका. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसलात तर बरगड्या मोकळ्या राहतात. एसीनं घसा कोरडा होतो, पाण्याची बाटली जवळ ठेवा. अधिकारी मध्येच प्रश्न विचारतील. प्रश्न संपला की लगेच तोंड उघडू नका. आधी हवा सोडा, नाकानं श्वास येऊ द्या आणि मग उत्तर द्या. अवघड प्रश्नाला तर हे हमखास करा. कर्जाची रक्कम सांगायचं वाक्य सगळ्यात छोटं ठेवा, आकडा शेवटी नको, पहिल्या दोन-तीन शब्दांतच येऊ द्या, आणि तो सांगून झाल्यावर समोरचा बोलेपर्यंत थांबा.